शेतातल्या रिसॉर्टमधले तीन दिवस

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारी विहारात वंदना झाल्यावर एक ताई मोबाइलवर फोटो दाखवत होत्या. त्यांची भाची थायलंडला जाऊन आली होती. तिथली बुद्धविहारं बघून झाल्यावर ती मंडळी दोन दिवस पार आडवळणाला, भातशेतीच्या मधोमध असलेल्या एका रिसॉर्टमध्ये राहिली. बांबूची घरं, समोर हिरवंगार भात, मागं डोंगर. फोटो बघून सगळ्याच म्हणाल्या, "असं कुठंतरी जाऊन चार दिवस नुसतं पडून राहावं." मग विमानाचं भाडं निघालं, पासपोर्ट निघाला आणि विषय तिथंच थांबला. जाता जाता एकीनं मला विचारलं, "सिस्टर, आपल्याकडं पण आता शेतातले रिसॉर्ट निघालेत म्हणं. तब्येतीला बरं असतं का हो तसलं राहणं?"

त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. जानेवारीत मी स्वतः दोन रात्री राहून आले. आता जसं दिसलं तसं सांगते.

आधी थोडी माहिती. शेतावर पाहुण्यांना ठेवून घेण्याच्या या धंद्याला कृषी पर्यटन म्हणतात. महाराष्ट्रात पांडुरंग तावरे यांनी २००५ च्या सुमारास बारामती तालुक्यात याची सुरुवात केली. २०२० साली राज्य सरकारनं कृषी पर्यटनाचं धोरण आणलं आणि पर्यटन विभागाकडं अशा केंद्रांची नोंदणी होऊ लागली. दर वर्षी १६ मे हा कृषी पर्यटन दिन म्हणून साजरा होतो. कल्पना चांगली आहे. शेतकऱ्याला शेतमालापलीकडं चार पैसे मिळतात आणि शहरातल्या लेकरांना ज्वारी झाडाला लागत नाही हे कळतं.

आमचं जाणं माझ्या लेकीमुळं झालं. ती पुण्यात नोकरीला लागली आणि पहिल्या पगारातून तिनं आजीसाठी ही खोली ठरवली. माणशी दिवसाला २,२०० रुपये, नाश्ता आणि दोन वेळचं जेवण धरून. ठिकाण होतं कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यातलं. गाडीत बसल्यावर माय (आम्ही आईला मायच म्हणतो) म्हणाली, "ह्या वळणावर कारखान्याची चिमणी दिसंल बघ." आणि दिसली. माझ्या लेकीला माहीतच नव्हतं, की तिच्या आजीनं याच भागात कितीतरी हंगाम ऊस तोडला आहे. मला माहीत होतं. कारण त्यातल्या पहिल्या काही हंगामांत मी मायसोबत कोपीवर होते.

कोपी नावाची खोली

रिसॉर्टच्या खोल्यांना नावं दिलेली होती. एकीचं नाव "वाडा", एकीचं "मळा" आणि आमच्या खोलीचं नाव "कोपी". छताला वरून उसाचं पाचट लावलेलं, आत एसी, पांढऱ्या चादरी, चकचकीत फरशीचं न्हाणीघर. मॅनेजर कौतुकानं सांगत होता, "ऊसतोड कामगार अशाच कोपीत राहतात. आम्ही तोच फील दिलाय."

माय दारात उभी राहिली. दाराला हात लावून बघितला, कडी लावून बघितली, परत काढली. मग म्हणाली, "ह्या कोपीला दार हाय."

लेकीनं माझ्याकडं बघितलं. रात्री मी तिला सांगितलं. कोपी म्हणजे बांबूच्या कमानी, त्यावर पाचट आणि ताडपत्री, आणि वाकून आत जायला एक तोंड. त्या तोंडाला दार नसतं. जुनं लुगडं बांधलं तर बांधलं. आपल्या बीड जिल्ह्यातून दिवाळीनंतर लाखो माणसं गावाला कुलूप लावून निघतात आणि फडाच्या कडेला अशा बिनदाराच्या कोपीत पाच-सहा महिने काढतात. शेतातला मुक्काम आपल्या जिल्ह्याला नवा नाही. पैसे देऊन केलेला मुक्काम तेवढा नवा आहे.

ती पहिली रात्र माय शांत झोपली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण खरं सांगायचं तर चांगलंही सांगितलं पाहिजे.

चांगलं काय होतं

सगळ्यात चांगला होता अंधार. आमच्या घरासमोर रस्त्याचा दिवा आहे, शेजारी पिठाची गिरणी आहे, लग्नसराईत डीजे आहे. इथं रात्री नऊनंतर फक्त रातकिडे. मला गेल्या कित्येक वर्षांत सलग सात तास झोप लागली नव्हती, ती लागली. झोप हे काही लाड नाहीत. ज्यांना रक्तदाब आहे, साखर आहे, ज्या रात्रपाळ्या करतात, त्यांच्यासाठी झोप हे अर्धं औषध आहे.

मायचा बीपी मी घरून नेलेल्या मशीनवर रोज बघत होते. घरी १५० वर ९० च्या आसपास असतो. तिसऱ्या सकाळी १३८ वर ८४ भरला. लगेच कुणी म्हणू नका, की शेतात गेलं की बीपी जातो. गोळी चालूच होती आणि तीन दिवसांत बीपी बरा होत नसतो. पण झोप झाली, काळजी थोडी बाजूला राहिली, तेवढा फरक पडला.

जेवण चांगलं होतं: ज्वारीची भाकरी, पिठलं, वांग्याची भाजी, ठेचा, ताक. हुरड्याचे दिवस होते. शेकोटीत भाजलेली कणसं, हातावर चोळलेला गरम हुरडा, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि रेवड्या. एक सूचना फक्त शुगरवाल्यांसाठी. हुरडा म्हणजे ज्वारीच आहे. गप्पा मारत मारत दोन-तीन भाकरींएवढा पोटात जातो, वर गूळ आणि उसाचा रस. हुरडा खायचा तर त्या वेळची भाकरी सोडा आणि रस एखादा घोटच घ्या. इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ चुकवू नये. अशा ठिकाणी "आत्ता देतो" म्हणता म्हणता दुपारचे तीन वाजतात.

नर्सच्या डोळ्याला काय दिसलं

सवय जात नाही. वॉर्डात अकरा वर्षं काढल्यावर माणूस खोलीत शिरल्या शिरल्या आधी पाणी बघतो, मग न्हाणी, मग दवाखाना किती लांब ते विचारतो.

पाणी जारमधून येत होतं. जारवर कंपनीचं नाव नाही, तारीख नाही. माझ्या पिशवीत ओटी टेस्टचं कीट असतं. नळाच्या पाण्यात दोन थेंब टाकले, पिवळा रंग आला नाही. याचा अर्थ पाण्यात क्लोरीन नाही. पाणी घाण आहे असं यावरून म्हणता येत नाही, पण ते शुद्ध केल्याचा पुरावाही नाही. आम्ही मग पिण्यापुरतं पाणी उकळून घेतलं.

न्हाणीत गॅस गिझर होता. आतच गिझर, खिडकी एक आणि तीही थंडी म्हणून बंद. ही गोष्ट नीट वाचा, कारण आपल्या घरांतही आता हे गिझर आले आहेत. बंद जागेत गॅस जळाला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, चक्कर येते आणि माणूस कडी लावलेल्या न्हाणीत पडतो. बाहेरच्यांना वाटतं, आंघोळीला वेळ लागतोय. गिझर न्हाणीच्या बाहेर पाहिजे. आतच असेल तर बादली भरून घ्यायची, गिझर बंद करायचा, खिडकी उघडायची आणि मगच आंघोळीला बसायचं.

तिसरी गोष्ट शेततळं. मुलं त्याच्या काठावर खेळत होती. शेततळ्याला आतून प्लास्टिकचा कागद असतो आणि त्यावर शेवाळ धरतं. पाय घसरला तर पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही, कारण हाताला काही लागतच नाही. तिथं ना कुंपण होतं, ना आत सोडलेला दोर, ना हवा भरलेली ट्यूब. मी मॅनेजरला म्हणाले तर तो म्हणाला, "मॅडम, आजपर्यंत काही झालं नाही." वॉर्डात हे वाक्य मी फार ऐकलं आहे.

चौथी गोष्ट साप. प्रथमोपचाराची पेटी मागितली तर कापूस, एक अर्धी बाटली आणि तारीख उलटून गेलेल्या तापाच्या गोळ्या निघाल्या. साप चावला तर काय करता, असं विचारलं. "गाडीत घालून डायरेक्ट शहरात नेतो." शहर ४५ किलोमीटर. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठं आहे, हे त्याला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मीच जाऊन बघितलं. ते नऊ किलोमीटरवर होतं. तिथल्या सिस्टरनं फ्रिज उघडून सर्पदंशाची लस दाखवली, व्यवस्थित तारखेतली. चार घटका बसलो, चहा झाला. सरकारी दवाखाना म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. पाहुण्याचा जीव वाचवणारी बाटली नऊ किलोमीटरवर होती आणि रिसॉर्टची गाडी तिच्यासमोरूनच ४५ किलोमीटर पुढं गेली असती.

आपल्या देशात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं मरतात, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित आजारांच्या यादीत केला. भारत सरकारनंही २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे, असं त्यात ठरलं आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषारी सापांवर एकच लस चालते. मण्यार रात्री निघते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावलेलं पुष्कळदा कळतही नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, बोलताना जीभ अडखळते. असं दिसलं की उजाडायची वाट बघू नका. चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, काठी बांधून स्थिर ठेवायचा. दोरीनं करकचून आवळायचं नाही, ब्लेड मारायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही, मांत्रिकाकडं जायचं नाही. १०८ ला फोन करायचा आणि लस असलेला जवळचा दवाखाना गाठायचा.

फडात

दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम होता "बैलगाडीची सफर आणि ऊसतोडणी अनुभव". म्हणजे ऊसतोड कामगाराचीच टायरगाडी तासाभरासाठी घेतलेली, त्यात पाहुणे बसायचे, फडात जायचं, हातात कोयता घेऊन फोटो काढायचा. माझ्या लेकीच्या हातात पण कोयता दिला. तिनं तो उलटा धरला. माय गाडीतून उतरली, तिच्या हातातून कोयता घेतला, बुडाला एक घाव, शेंड्याला एक घाव, वाढं वेगळं, ऊस वेगळा. सत्तरीला आली आहे, पण हात विसरला नव्हता. फडातल्या बाया थांबून बघायला लागल्या. एक जण म्हणाली, "मावशे, कुठलं गाव?"

"शिरूर कासार."

"आम्ही पाटोद्याचे की!"

मग पाहुणे एकीकडं राहिले आणि मायच्या गप्पा सुरू झाल्या. मुकादम कोण, उचल किती, खाडा झाला की किती कापतात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तेव्हा तो टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. दोघांनी मिळून दिवसाला दीड-दोन टन ऊस होतो. म्हणजे माझ्या एका दिवसाच्या मुक्कामाचे २,२०० रुपये फेडायला सहा टन ऊस लागतो, एका कोयत्याची तीन-चार दिवसांची तोडणी. हा हिशेब लेकीनंच मोबाइलवर केला.

मला सिस्टर म्हणून कळल्यावर एक पोरगी बांधाच्या आड घेऊन गेली. वय सत्तावीस, दोन लेकरं. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, मोळी उचलली की कंबर मोडते. गावाकडच्या एका डॉक्टरनं सांगितलं होतं, "पिशवी काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल." ऑपरेशनसाठी मुकादमाकडून आणखी उचल घ्यायची, असं घरात ठरलं होतं.

वाचक भगिनींनो, आपल्या जिल्ह्याला हे नवं नाही. २०१९ मध्ये विधान परिषदेत आरोग्यमंत्र्यांनीच सांगितलं, की तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खाजगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशयाच्या पिशव्या काढल्या गेल्या. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे सहामागं एक. तेव्हापासून जिल्ह्यात खाजगी दवाखान्याला पिशवी काढायची असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागते. ही परवानगी विचारायचा हक्क पेशंटचा आहे.

मी तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते. पांढरं पाणी जाणं म्हणजे कॅन्सर नाही. थोडं, बिनवासाचं, पाण्यासारखं जाणं हे बाईच्या शरीराचं रोजचं काम आहे. वास येतो, खाज सुटते, पिवळं-हिरवं किंवा दह्यासारखं जातं, ओटीपोट दुखतं, तेव्हा तो जंतुसंसर्ग असतो. तो औषधानं बरा होतो. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं. कोणतं ते डॉक्टर तपासून ठरवतात आणि काही संसर्गांत नवऱ्यालाही घ्यावं लागतं. पाळी सोडून अधेमधे रक्त जातं, संबंधानंतर जातं, किंवा पाळी बंद झाल्यावर परत जातं, तर मात्र एक दिवस न थांबता तपासून घ्यायचं. कमी वयात पिशवी काढली आणि सोबत अंडाशयंही गेली, तर तिशीतच हाडं ठिसूळ व्हायला लागतात, अंगातून वाफा निघतात, हृदयाचा धोका वाढतो. आणि पिशवी काढल्यानं कंबरदुखी थांबत नाही, कारण कंबर मोळीनं दुखत असते.

"तुमी बाथरूमला कुठं जाता?" मी विचारलं. तिनं उसाकडं हात केला. दिवसा माणसं असतात म्हणून जात नाहीत, जावं लागू नये म्हणून पाणी पीत नाहीत. फडातल्या निम्म्या बायकांची लघवीची जळजळ इथून सुरू होते. पाळीचं कापड धुवायला पाणी नाही, वाळवायला आडोसा नाही. त्यांच्या कोप्या रिसॉर्टच्या मागं, कालव्याच्या कडेला होत्या. मी पावलं मोजली, आमच्या खोलीपासून तीनशे. आमच्या तिघींसाठी एक संडास आणि शॉवर. तिथं बारा कोयते, म्हणजे चोवीस माणसं आणि लेकरं, आणि संडास एकही नाही. रिसॉर्टच्या आवारातल्या नळावर हंडा भरायचीही त्यांना मनाई होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिला त्याच आरोग्य केंद्रात घेऊन गेले. एका दिवसाचा खाडा झाला. डॉक्टर बाईंनी तपासलं, संसर्ग निघाला, दोघांनाही औषध दिलं, तिथल्या आशाताईचा नंबर दिला. पिशवीला काही झालेलं नव्हतं.

मग जावं की नाही?

थायलंडचे फोटो बघून हा विषय निघाला होता, तर तिथलीच एक गोष्ट सांगते, जी फोटोत दिसत नाही. त्या देशानं १९७० च्या दशकापासून गावोगाव आरोग्य स्वयंसेवक तयार केले. आज ते दहा लाखांच्या वर आहेत. काही घरांमागं एक माणूस, त्याच गावातला, ओळखीचा. आपल्याकडच्या आशाताई त्याच जातीचं काम करतात. आडवळणाच्या रिसॉर्टमध्ये पाहुणा बिनघोर झोपतो, तेव्हा त्याची राखण बांबूचं घर करत नाही. गावातला दवाखाना आणि ही माणसं करतात. गावाला पाणी, संडास, लस नसेल तर पाहुण्यालाही ती नाही. त्याच्या खोलीत फक्त चादर पांढरी आहे.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना चांगलंच सुनावलं होतं. शेतातल्या मुक्कामाची जाहिरात वाचताना मला ते आठवतं. म्हणून काय गावाकडं जायचंच नाही? तसं नाही. आपल्या बाया आयुष्यभर राबतात आणि विसावा म्हणजे बाळंतपण किंवा आजारपण, एवढंच त्यांना माहीत असतं. दोन दिवस कुणी हातात आयती भाकरी दिली तर त्यात गैर काही नाही. लांब जायला पैसे नसतील तर आपलाच जिल्हा बघा. नायगावचं मोरांचं अभयारण्य आहे, पावसाळ्यात सौताड्याचा धबधबा आहे, धारूरचा किल्ला आहे. भाकरी बांधून नेली तरी दिवस छान जातो. मुक्कामाला जायचं असेल तर फोनवर खोली ठरवतानाच हे विचारा:

१. पर्यटन विभागाकडं नोंदणी आहे का?

२. पिण्याचं पाणी कुठलं आणि ते शुद्ध कसं करता?

३. न्हाणीत गॅस गिझर आहे का? आत आहे की बाहेर?

४. शेततळं किंवा विहीर असेल तर कुंपण, दोर आणि ट्यूब आहे का? लेकरं सोबत असतील तर हे उत्तर "नाही" आल्यावर दुसरं ठिकाण बघा.

५. जवळचं आरोग्य केंद्र किती लांब आहे आणि तिथं सर्पदंशाची लस आहे का? मॅनेजरला माहीत नसेल तर त्या केंद्राला स्वतः फोन करा.

६. मोबाइलला रेंज येते का? नसेल तर १०८ कसा लावणार?

सोबत न्यायचं ते असं: रोजच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या, डॉक्टरांची चिठ्ठी, जीवनजलाची चार पाकिटं, क्लोरीनच्या गोळ्या, बॅटरी, मच्छरदाणी. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा, रात्री बॅटरीशिवाय पाय खाली टाकू नका, चपला आणि बूट झटकून घाला.

सातवा प्रश्न माझा. तिथं राबणारी माणसं कुठं राहतात आणि त्यांना संडास आहे का? हा प्रश्न दहा पाहुण्यांनी विचारला, तर अकराव्याच्या आधी संडास बांधला जाईल, असं मला वाटतं.

निघताना मी मालकांना या सगळ्याचं एक पत्र दिलं, भांडण न करता. फेब्रुवारीत त्यांचा फोन आला. गिझर न्हाणीबाहेर बसवलेत, शेततळ्यात दोर आणि ट्यूब सोडली आहे, आरोग्य केंद्राचा नंबर ऑफिसात लावला आहे. कोप्यांवरच्या माणसांना नळावर पाणी भरू देतात. संडासाचं अजून "बघतो" आहे. हंगाम तेवढ्यात संपेल, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. मी पुढच्या दिवाळीत परत फोन करणार आहे.

मायला विचारलं, "परत जायचं का?" म्हणाली, "जाऊ की. पण तसल्या कोपीत नगं. वाड्यात झोपू."

आणि पाटोद्याच्या त्या पोरीचा एप्रिलमध्ये फोन आला. पट्टा पडला, गावाकडं आलोत, पोट दुखायचं थांबलंय, डॉक्टरला पिशवी काढायचं नाही म्हणून सांगितलंय. मी तिला जिल्हा रुग्णालयात तपासणीची तारीख दिली आहे. सोबत तिची जाऊ येणार आहे. तिलाही कुणीतरी पिशवी काढायला सांगितलंय.